बट्टा, हुंडणावळ आणि गॅस

नावाला बट्टा लागतो, असे आपण आज म्हणतो. पूर्वी बट्टा नाण्याला लागे. एका पेठेतला रुपया दुसऱ्या पेठेत वटवताना सराफ जी रक्कम कापून घेई, तिला बट्टा म्हणत. तो व्यवहार संपला आणि शब्द तेवढा माणसाच्या अब्रूला चिकटून राहिला. ‘बंदा रुपया’, ‘चलनी नाणे’, ‘वाजवून घेणे’ हे शब्दप्रयोगही त्याच बाजारातून आले. पोतदार, पोतनीस, पारखी, सराफ ही आडनावेही तिथलीच. ज्या समाजाने नाण्यांच्या गोंधळात कित्येक पिढ्या काढल्या, त्याच्या भाषेत त्याच्या खुणा राहणारच.

हे आठवण्याचे कारण आजचे आहे. माळशिरस तालुक्यातले श्रीपूर हे कारखान्याचे गाव. नीरा उजव्या कालव्याचे पाणी या भागात आले, त्यामागून ऊस आला. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना इथे उभा राहिला. आज पांडुरंग सहकारी साखर कारखाना इथलाच. अशा गावात पैशाची चर्चा उसाच्या बिलाभोवती फिरते: पहिला हप्ता किती, दुसरा कधी, सोसायटीची वसुली किती कापली. अलीकडे त्या चर्चेत ‘कॉइन’, ‘टोकन’, ‘नेटवर्क’, ‘गॅस’ हे शब्द ऐकू येऊ लागले आहेत. ते उच्चारणारे बहुधा पंचविशी-तिशीचे असतात. उसाच्या बिलातला काही भाग त्यांनी तिकडे वळवलेला असतो. ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांना वाटते, हे काही तरी अगदीच नवे प्रकरण आहे, आपल्या डोक्यात शिरणारे नाही.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी नाही. जुनी नाणी, मोडीतल्या हुंड्या आणि हिशेबाच्या वह्या वाचण्याच्या नादातून या विषयाकडे आलो. त्या वाटेने आल्यामुळे एक गोष्ट ठळक दिसली. या नव्या नाण्यांबद्दल जे तीन प्रश्न विचारायला हवेत, ते आपल्या पणजोबांना तोंडपाठ होते. हे नाणे कोणाच्या टांकसाळीचे, म्हणजे त्याची नोंद कोणाकडे? ते कोणत्या प्रमाणाचे? आणि पलीकडे पोचवताना किती कापले जाईल, कोण कापील? ही तिन्ही उत्तरे मिळाली तरी त्यांच्या काळी एक माणूस मध्ये उभा असे, तो म्हणजे पारखी. नव्या व्यवस्थेत काय बदलले आणि काय बदलले नाही, हे त्या माणसाच्या जागेवरून पाहिले तर चांगले समजते.

रुपये अनेक, रुपया एकही नाही

शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. शिवराई पुढे दीर्घकाळ खेड्यापाड्यांत चालली. चांदीच्या रुपयाची गोष्ट मात्र वेगळी. पेशवाईत ठिकठिकाणी टांकसाळी होत्या आणि त्यांतल्या बहुतेकांच्या रुपयांवर नाव दिल्लीच्या बादशहाचे असे. ओळख पटे ती छोट्या खुणांवरून. पुण्याचा तो अंकुशी, कारण त्यावर अंकुशाची खूण. चांदवडच्या टांकसाळीचा तो चांदवडी. बागलकोटचा मल्हारशाही, मल्हार भिकाजी रास्त्यांच्या नावावरून ओळखला जाणारा. नाव सगळ्यांचे रुपयाच; पण वजन, चांदीचा कस आणि लोकांचा भरवसा प्रत्येकाचा निराळा.

त्यामुळे ‘शंभर रुपये दिले’ एवढे लिहून करार पुरा होत नसे. कोणते रुपये, हे लिहावे लागे. सरकारी भरणा एका प्रकारच्या रुपयात ठरलेला आणि रयतेच्या हाती दुसरा आलेला, असे झाले की मधला फरक रयतेच्या माथी. सराफ रुपया वाजवून पाही, कसोटी लावी, कधी त्यावर आपली बारीक खूण ठोके. संग्राहकांकडे आज असे रुपये दिसतात, ज्यांच्यावर मूळ अक्षरांपेक्षा सराफांच्या खुणाच जास्त. एकेक खूण म्हणजे एकेका माणसाने घेतलेली जबाबदारी होती. सरकारी खजिन्यात हेच काम पोतदाराचे. त्याने ‘खरे’ म्हटले की ते नाणे पोत्यात जाई.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. बट्ट्याचा दर सराफाच्या हाती, आणि खेड्यातून आलेल्या माणसाला घासाघीस करायला जागा नसे. पण फसवणूक झाली तर कोणाच्या दारात जायचे हे त्याला ठाऊक असे. पेढी गावात होती आणि पेढीवाल्याला गावात राहायचे होते.

हुंडी: कागदावरचा पैसा

पैसा दूर न्यायचा तर थैल्या घेऊन प्रवास करणे धोक्याचे. म्हणून हुंडी. पुण्यात पैसे भरायचे, पेढीवाला काशीतल्या किंवा सुरतेतल्या आपल्या आडत्याच्या नावे चिठ्ठी देई, तिथे ती दाखवली की पैसे मिळत. या सेवेचा मोबदला म्हणजे हुंडणावळ. अंतर, वाटेतला धोका, त्या गावी त्या वेळी रोकड मुबलक आहे की टंचाई आहे, यावर तिचा दर खालीवर होई.

हुंडीचे प्रकार वाचताना आश्चर्य वाटते. दाखवताक्षणी पैसे देण्याची ती दर्शनी. ठरावीक दिवसांनी देण्याची ती मुदती. जोखमी हुंडीत अट असे: माल सुखरूप पोचला तरच पैसे, वाटेत बुडाला तर नाही. शाहजोग हुंडीचे पैसे कोणाही हातात पडत नसत. बाजारात पत असलेल्या शाहामार्फतच ती वटे. आणि हुंडी पुढे बनावट निघाली तर रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शाहावर येई. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत निघे, तिला पैंठ म्हणत. तीही हरवली तर परपैंठ. मूळ हुंडी, पैंठ आणि परपैंठ यांपैकी एकीवरच पैसे मिळत. पैसे दिलेली हुंडी रद्द करून ठेवली की तो झाला ‘खोका’. इंग्रज सरकारने १८८१ साली चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हाही देशी भाषांतल्या हुंड्यांच्या स्थानिक रूढींना त्याने हात लावला नाही, इतकी ही व्यवस्था पक्की होती.

पैंठेचा नियम लक्षात ठेवावा. एकच रक्कम दोनदा खर्च होऊ नये, हा कागदी पैशापुढचा सगळ्यात अवघड प्रश्न. बिटकॉइनचा जन्म याच प्रश्नाचे उत्तर शोधताना झाला.

कलदार, हाली आणि टोकन

१८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या मुलुखासाठी एकच रुपया ठरवला: वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. कळ म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला म्हणून लोक त्याला कलदार म्हणू लागले. एक प्रमाण आले आणि ब्रिटिश मुलुखातला बट्टा हळूहळू आटला. प्रमाणाचा फायदा काय असतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण सापडणार नाही.

सोलापूर जिल्ह्याला मात्र बट्टा पुढेही सुटला नाही, कारण सरहद्दीपलीकडे निजामाचे राज्य होते आणि तिथे हाली सिक्का चाले. ढोबळ हिशेब असा, की सात हाली म्हणजे सहा कलदार; शंभर कलदारांचे एकशे सोळा हाली आणि वर काही आणे. तुळजापूर निजामाच्या हद्दीत. बार्शी तालुका ब्रिटिशांचा, पण जवळजवळ चहूबाजूंनी निजामाच्या मुलुखाने वेढलेला. म्हणजे देवीला जाणे असो की धान्याचा सौदा, दोन नाण्यांचा हिशेब माणसाच्या डोक्यात सतत चालू. दोन्हींचे नाव रुपयाच होते. पण हाली मोजून घेताना कलदाराचा भाव धरणारा बुडाला, हे पोरासोरांनाही कळे.

‘टोकन’ हा शब्दही नाणेशास्त्रात जुना आहे. ज्या नाण्यातल्या धातूची किंमत त्यावर छापलेल्या किमतीपेक्षा कमी, ते टोकन नाणे. मुहम्मद तुघलकाने १३२९-३० च्या सुमारास चांदीच्या टंक्याच्या बदल्यात चालावे म्हणून पितळ-तांब्याचे नाणे काढले. त्यातले काही आपल्या दौलताबादेत पाडले गेले. त्यावर सुलतानाची आज्ञा पाळणे म्हणजे ईश्वराची आज्ञा पाळणे, अशा अर्थाचा मजकूर होता. पण नक्कल करणे सोपे होते. घरोघर टांकसाळी निघाल्याचे त्या काळच्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. दोन-तीन वर्षांत सुलतानाला ते नाणे मागे घ्यावे लागले आणि बदल्यात खरी चांदी द्यावी लागली. पुढे १८९३ साली इंग्रज सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे बंद केले, तेव्हापासून आपला चांदीचा रुपयाही एका अर्थाने टोकनच झाला. त्याची किंमत चांदीपेक्षा जास्त राहिली, कारण टांकसाळीची किल्ली सरकारच्या हातात होती. तुघलकाला तीच राखता आली नाही.

नवी वही

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनची वही सुरू झाली. वही हाच शब्द योग्य. आपल्या रोजमेळात आदल्या दिवसाची श्रीशिल्लक दुसऱ्या दिवशीच्या पानावर ओढतात. मधले एखादे पान बदलले तर पुढचा सगळा मेळ चुकतो. ब्लॉकचेनची कल्पना याच्याच जातीची. प्रत्येक पानावर मागच्या पानाच्या मजकुरावरून गणिताने काढलेली एक खूण असते. मागचे एक अक्षर बदलले तरी ती खूण जुळत नाही. फरक एवढा, की ही वही एका पेढीत नसून हजारो संगणकांवर तिची सारखी प्रत आहे. त्यामुळे एकच रक्कम दोघांना दिली तर दुसरी नोंद वहीत चढतच नाही. पैंठेचा प्रश्न असा सुटला. बिटकॉइनची कमाल संख्या २ कोटी १० लाख ठरवून दिलेली आहे आणि एका बिटकॉइनचे १० कोटी भाग होतात, म्हणून ‘एवढा महाग, मग घेणार कसा?’ हा प्रश्न उद्भवत नाही.

३० जुलै २०१५ रोजी इथेरियम ही दुसरी मोठी वही सुरू झाली. हिचे वैशिष्ट्य असे, की नोंदीबरोबर अटही लिहिता येते आणि अट पुरी झाली की व्यवहार आपोआप होतो. त्याला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. जोखमी हुंडी ज्यांना कळली, त्यांना हे कळायला हरकत नाही. इथे अट पाळायला आडत्या लागत नाही, संगणक पाळतो. मात्र माल खरोखर पोचला की नाही, हे संगणकाला कोणी तरी सांगावेच लागते.

आता कॉइन आणि टोकन यांतला फरक सांगता येईल. ज्या नाण्याची स्वतःची वही आहे ते कॉइन: बिटकॉइन, इथेरियमचे ईथर. दुसऱ्याच्या वहीत खाते उघडून जे चालते ते टोकन. डॉलरशी भाव बांधलेले यूएसडीटी हे टोकन आहे. त्याची स्वतःची वही नाही, ते इथेरियम, ट्रॉन अशा अनेक वह्यांत चालते. कॉइन काढायला वही उभारावी लागते, ती चालवणारे संगणक मिळवावे लागतात. टोकन काढायला थोडी संगणकीय अक्षरे आणि किरकोळ खर्च पुरतो. तुघलकाच्या पितळी नाण्यापेक्षाही हे सोपे. त्यामुळे टोकनांची संख्या मोजण्यापलीकडे गेली आहे.

पोत्याचे माप आणि पोत्यातली साखर

एवढी टोकने एकाच वहीत नीट चालावीत म्हणून नियम ठरवावे लागले. नोव्हेंबर २०१५ मध्ये इथेरियमवर असा एक मसुदा मांडला गेला, तोच ईआरसी-२०. प्रत्येक टोकनाने काही प्रश्नांची उत्तरे ठरावीक पद्धतीने द्यावीत, एवढेच तो सांगतो. एकूण टोकने किती? अमुक खात्यात शिल्लक किती? या खात्यातून त्या खात्यात पाठवता येईल का? दुसऱ्या कोणाला माझ्या वतीने खर्च करण्याची मुभा देता येईल का, किती रकमेपर्यंत? हे ठरले, आणि एकच पाकीट-ॲप हजारो टोकने सांभाळू लागले. पुढे प्रत्येक नग वेगळा असणाऱ्या वस्तूंसाठी ईआरसी-७२१ आले. ट्रॉनच्या वहीतले तसेच प्रमाण टीआरसी-२०, बीएनबी साखळीवरचे बीईपी-२०.

इथे नवशिक्याची सगळ्यात मोठी गफलत होते. प्रमाण म्हटले की त्याला १८३५ चा कलदार आठवतो: प्रमाण ठरले म्हणजे चांदी ठरली. ईआरसी-२० मध्ये चांदीचा उल्लेखही नाही. कारखान्यातली साखरेची पोती पाहा. ५० किलोचे पोते ठरलेले, म्हणून ते उचलता येते, थप्पीला लागते, ट्रकमध्ये मोजता येते. आत एस-३० साखर आहे की एम-३०, की साखरच नाही, हे पोत्याच्या मापावरून कळत नाही. ईआरसी-२० हे पोत्याचे माप आहे. ‘आमचे टोकन ईआरसी-२० प्रमाणित आहे’ असे कोणी अभिमानाने सांगितले, तर त्याने फक्त पोते दाखवले, असे समजावे.

दुसरी गफलत वही ओळखण्याची. यूएसडीटी हे नाव एकच, पण इथेरियमवरचे वेगळे, ट्रॉनवरचे वेगळे. हाली आणि कलदार दोन्ही रुपयेच होते, तसेच. पाठवणाऱ्याने एक नेटवर्क निवडले आणि घेणाऱ्याचे खाते दुसऱ्यावर असले तर रक्कम अडकते. ट्रॉनचा पत्ता वेगळ्या अक्षराने सुरू होतो म्हणून तिथे चूक बहुधा वेळीच कळते. इथेरियम आणि बीएनबी साखळीचे पत्ते मात्र दिसायला अगदी सारखे. काही जण टोकन पाठवताना घेणाऱ्याच्या पत्त्याऐवजी टोकनाच्या कराराचाच पत्ता टाकतात आणि रक्कम तिथे कायमची पडून राहते. वही चोख असते. तिने तुम्ही सांगितले तेच लिहिलेले असते. म्हणून जाणते लोक आधी अगदी छोटी रक्कम पाठवून पाहतात. जुन्या भाषेत, नाणे वाजवून घेतात.

गव्हाण, रांग आणि खुशाली

हुंडणावळीच्या जागी इथे जे कापले जाते त्याला इथेरियमवर गॅस म्हणतात. ऊसपट्ट्यातल्या माणसाला ते समजावणे सोपे आहे. कारखान्याची रोजची गाळपक्षमता ठरलेली असते. गव्हाणीत त्याहून जास्त ऊस पडू शकत नाही. सगळ्यांचा ऊस एकदम तयार झाला की वाहनांची रांग लागते. आणि आपला फड लवकर तुटावा म्हणून शेतकऱ्याला तोडणी टोळीला खुशाली, वाहनचालकाला एन्ट्री द्यावी लागते, ही तक्रार आपल्याकडे दर हंगामात ऐकू येते. वहीचे प्रत्येक पान हीसुद्धा अशीच एक गव्हाण. एका पानावर मावतील तेवढेच व्यवहार. गर्दी वाढली की दर वाढतो.

गॅस म्हणजे काम मोजण्याचे माप. साधे ईथर पाठवायला २१,००० एकके लागतात. टोकन पाठवताना कराराची अक्षरे चालवावी लागतात, म्हणून सुमारे ५० ते ६५ हजार. त्याला त्या क्षणीच्या दराने गुणायचे. दर ग्वेई या एककात सांगतात. एका ईथरचे १०० कोटी ग्वेई. समजा दर २० ग्वेई आहे, तर ६५,००० एककांचे १३ लाख ग्वेई, म्हणजे ०.००१३ ईथर. हिशेबापुरता ईथरचा भाव २ लाख रुपये धरला, तर खर्च २६० रुपये. साध्या ईथरच्या व्यवहाराला त्याच दराने ८४ रुपये. ५ ऑगस्ट २०२१ पासून या खर्चाचे दोन भाग झाले. मूळ दर वही स्वतःच गर्दीप्रमाणे ठरवते आणि ती रक्कम कोणाच्या खिशात न जाता नष्ट केली जाते. वरची बक्षिसी पान लिहिणाऱ्याला मिळते. ती आपली खुशाली.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, हा खर्च रकमेवर अवलंबून नाही. ५० लाख पाठवणाऱ्याला २६० आणि ५०० पाठवणाऱ्यालाही २६०. बिटकॉइनमध्येही पैसे किती आहेत यापेक्षा नोंदीने पानावर किती जागा घेतली, यावर खर्च ठरतो. सराफाचा बट्टा शेकड्यावर होता, म्हणून गरिबालाही त्याचा अंदाज बांधता येई. इथे लहान माणसाचा हिस्सा मोठा कापला जातो. त्यावर तोड म्हणून पॉलिगॉनसारख्या स्वस्त साखळ्या आल्या. दुसरी, टोकन कोणतेही पाठवा, गॅस त्या वहीच्या कॉइनमध्येच भरावा लागतो. खात्यात हजारोंचे यूएसडीटी आहेत पण ईथर नाही, तर ते जागचे हलत नाहीत. आणि तिसरी, व्यवहार मध्येच फसला तरी झालेल्या कामाचा गॅस परत मिळत नाही.

यूपीआयने पैसे पाठवताना आपल्याकडून काही कापले जात नाही, म्हणून पैसा फुकट हलतो असा समज पसरला आहे. तिथेही यंत्रणा चालवण्याचा खर्च आहेच. तो बँका आणि सरकार सोसतात. हस्तांतराचा खर्च कधी शून्य नसतो. तो कोणी सोसायचा, एवढाच प्रश्न असतो.

पुण्याचा खटला

हे सगळे निव्वळ शब्दज्ञान राहत नाही, हे गेनबिटकॉइन प्रकरणात महाराष्ट्राने पाहिले. अमित भारद्वाज या इसमाने २०१५ च्या सुमारास सुरू केलेल्या या योजनेत गुंतवणूकदाराने बिटकॉइन द्यायचे आणि दरमहा १० टक्के दराने १८ महिने बिटकॉइनमध्येच परतावा घ्यायचा, असे आश्वासन होते. दहा गुणिले अठरा, म्हणजे एकशे ऐंशी टक्के. कोणत्याही सावकाराने हा आकडा ऐकून पेढीचे दार लावून घेतले असते. पण योजना नव्या भाषेत बोलत होती, आणि जुन्या शहाणपणाला तिथे जागा नव्हती. २०१७ मध्ये परतावा बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाच्या घरच्याच टोकनात मिळू लागला. त्याचा भाव बिटकॉइनच्या मानाने नगण्य. पुण्यात गुन्हे दाखल झाले, एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी पुणे पोलिसांनी याच तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांना, जप्त नाण्यांत अफरातफर केल्याच्या आरोपावरून अटक केली. देशभरातले गुन्हे पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या विभागाने अनेक शहरांत झडत्या घेतल्या.

तपशील कायद्याच्या भाषेत गुंतागुंतीचे आहेत. नाण्याच्या भाषेत गोष्ट दोन ओळींची आहे. लोकांनी कॉइन दिले आणि त्यांना टोकन मिळाले. ज्या वहीची किल्ली कोणा एकाच्या हाती नाही तिथले नाणे दिले, आणि ज्याची टांकसाळ समोरच्याच्या घरात आहे ते नाणे घेतले. टोकनाचे माप बरोबर होते; पोत्यात साखर नव्हती. कॉइन आणि टोकन यांतला फरक ज्याला माहीत होता, त्याच्या मनात २०१७ सालीच शंका यायला हवी होती.

याच वहीचा दुसरा उपयोगही महाराष्ट्रातच झाला. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रांच्या नोंदी पॉलिगॉन साखळीवर चढवण्याचे काम हाती घेतले गेले. तिथे नाणे नाही, भाव नाही, श्रीमंत होण्याचे आमिष नाही. दाखल्यात मागाहून फेरफार झाला तर तो उघडा पडावा, एवढाच हेतू. तरीही एक मर्यादा राहतेच. नोंद बदललेली नाही हे वही सांगू शकते. नोंद मुळात खरी होती का, हे महसूल कचेरीतल्या माणसानेच पाहिलेले असते.

पारख कोणाची

सरकारची भूमिकाही बट्ट्याच्या भाषेत मांडता येते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेतून १ टक्का कर आधीच कापला जातो. मार्च २०२३ मध्ये हे व्यवहार करणाऱ्या संस्थांना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणले गेले. कर घेतला म्हणजे नाणे चलनी ठरले, असे होत नाही. या नाण्याने कोणाचे देणे फेडले तर ते स्वीकारण्याची सक्ती कोणावर नाही. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून सामान्यांसाठी प्रायोगिक तत्त्वावर काढलेला ई-रुपया हा प्रकार निराळा. तो रूपाने नवा असला तरी त्याची टांकसाळ तीच, सरकारी.

जुन्या व्यवस्थेत पारखी होता, पोतदार होता, शाहजोग हुंडीमागे उभा राहणारा शाह होता. ते आपला बट्टा कापत, कधी वाजवीपेक्षा जास्त कापत. पण बनावट निघाले तर परत द्यायला एक दार होते. नव्या वहीने त्या माणसाला रजा दिली आणि त्याच्या जाचातून सुटका केली, हे खरे. त्याचे काम मात्र संपले नाही. ते आपल्या प्रत्येकाच्या अंगावर येऊन पडले, आणि ते आपल्याकडे आले आहे हे कोणी सांगितले नाही. वहीतली चुकीची नोंद खोडायला मुनीम नाही. गुप्त शब्द हरवले तर पैंठ निघत नाही. ते शब्द कोणी विचारून घेतले, तर शाह शोधायला जाण्याची सोय नाही. पैसे परत मागायचे तर ज्याला पाठवले त्याच्या भलेपणावर विसंबावे लागते, नाही तर पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते.

म्हणून ज्यांच्या घरात हा विषय आला आहे, त्यांनी मुलांना रागे भरण्यापेक्षा चार प्रश्न विचारावेत. हे कॉइन आहे की टोकन? टोकन असेल तर ते काढले कोणी, आणि आणखी काढायची मुभा कोणाच्या हाती आहे? कोणत्या वहीत पाठवणार, आणि घेणाऱ्याचे खाते त्याच वहीत आहे ना? पाठवताना, विकताना आणि कर भरताना मिळून किती जाईल? या चारांची उत्तरे मुलाला देता आली तर तो पारखी झाला आहे. त्याने काय करायचे ते तो ठरवील. देता आली नाहीत तर उसाचे बिल त्या हंगामापुरते बँकेतच राहू द्यावे. या प्रश्नांसाठी संगणक शिकावा लागत नाही. अंकुशी आणि चांदवडी हातात घेऊन, दोन्हींवर एकाच बादशहाचे नाव असूनही, ‘हा कुठला?’ असे विचारणाऱ्या माणसाला ते आधीच येत होते.